स्त्री, पुरुष आणि अपराध : खानदेशच्या इतिहासावरून एक विचार

मनुष्यसमाजाच्या व्यवहारांत ज्या थोड्या गोष्टी देशकालाच्या भेदाने फारशा बदलत नाहीत, त्यांत स्त्रीपुरुषांच्या अपराधांतील अंतर ही एक होय. बेल्जियममधील गणितज्ञ आदोल्फ केतले याने फ्रान्समधील न्यायालयांचे आकडे तपासून १८३५ साली आपला ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा आरोपी पुरुषांच्या मानाने आरोपी स्त्रियांची संख्या चतुर्थांशाच्या आसपास असल्याचे त्यास आढळले. आपल्या देशात हे अंतर त्याहूनही मोठे आहे. २०२२ सालच्या अखेरीस भारतातील तुरुंगांत एकंदर ५,७३,२२० बंदी होते. त्यांपैकी स्त्रिया २३,७७२, म्हणजे शेकडा चारांहून किंचित अधिक. सबंध जगाचा हिशेब केला तरी बंदिवानांत स्त्रियांचे प्रमाण शेकडा सातांच्या घरातच राहते.

हे असे का, या प्रश्नास दोन उत्तरे फार सोपी आहेत. पहिले उत्तर स्तुतीचे आहे: स्त्री ही स्वभावतःच कोमल, भीरु व पापभीरु, म्हणून तिच्या हातून अपराध घडत नाही. दुसरे उत्तर निंदेचे आहे: स्त्रीच्या ठायी कपट अधिक, म्हणून तिचा अपराध उघडकीस येत नाही, आणि जी उघडकीस येते ती पुरुषाहूनही क्रूर निघते. इटलीतील लोम्ब्रोझो व त्याचा सहकारी फेरेरो यांनी १८९३ साली अपराधी स्त्रियांवर ग्रंथ लिहून या दोन्ही मतांची सांगड घातली, आणि कवटीची मापे घेऊन तीस शास्त्राचे रूप दिले. स्तुती असो की निंदा असो, दोहोंचा पाया एकच. तो म्हणजे स्वभाव. जे स्वभावाने घडते त्यास समाज जबाबदार नाही, असा त्यातील गर्भितार्थ होय. हा पाया कितपत टिकाऊ आहे, हे आमच्या खानदेशच्या दोनशे वर्षांच्या इतिहासावरून पाहण्याचा येथे विचार आहे. खानदेश म्हणजे आजचे जळगाव, धुळे व नंदुरबार हे तीन जिल्हे. शेजारच्या मुलखाकडेही प्रसंगी वळावे लागेल.

खानदेश १८१८ साली इंग्रजांच्या अंमलाखाली आला, तेव्हा सातपुडा व सह्याद्री यांच्या कुशीतील भिल्लांच्या टोळ्यांनी सारा मुलूख हैराण केला होता. हे लोक रक्तानेच लुटारू आहेत, अशी त्या काळच्या कित्येक अंमलदारांची समजूत होती. परंतु १८२५ साली जेम्स औट्रम याने धरणगाव येथे याच भिल्लांची पलटण उभी केली. ज्यांनी काल वाटा मारल्या त्यांस पगार, पोशाख व मान मिळताच तेच वाटांचे रखवालदार झाले. रक्त तेच राहिले, स्थिती मात्र बदलली. आणि स्थितीबरोबर आचरणही बदलले. इतका ढळढळीत पुरावा डोळ्यांपुढे असूनही त्याच सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला, आणि पुढे १९११ सालच्या कायद्याने त्याची व्याप्ती मुंबई इलाख्यापर्यंत वाढली. जन्मास आलेले मूल पारध्याचे आहे एवढ्यावरून ते चोर ठरले. हा कलंक कायद्याच्या पुस्तकातून पुसला जाण्यास १९५२ साल उजाडावे लागले, आणि लोकांच्या मनातून तो अद्याप पुसला गेलेला नाही. जातीच्या बाबतीत स्वभावाचा सिद्धान्त असा खोटा ठरला असताना तोच सिद्धान्त लिंगाच्या बाबतीत आपण निःशंकपणे स्वीकारावा, हे आश्चर्य नव्हे काय?

आता पुरुषांच्या अपराधांकडे पाहू. १८५२ साली जमिनीची नवी मोजणी सुरू झाली, तेव्हा सारा वाढेल या भयाने सावदा, फैजपूर, एरंडोल या भागांतील शेतकऱ्यांनी मोठा दंगा केला आणि सरकारास फौज आणावी लागली. हा दंगा पुरुषांचा होता. याचे कारण स्त्रियांस जमिनीची काळजी नव्हती हे नव्हे. निंदणी, वेचणी, मळणी या कामांत खानदेशच्या कुणबी स्त्रीचा हात पुरुषाच्या बरोबरीने चालत आला आहे. परंतु जमीन तिच्या नावाची नव्हती. मोजणीदाराशी बोलावयाचे ते पुरुषाने, मामलतदाराच्या कचेरीत उभे राहावयाचे ते पुरुषाने, आणि म्हणून काठी उचलावयाची तीही पुरुषानेच. आजही खेड्यांतील मारामाऱ्यांचे मूळ शोधू गेल्यास ते बांधात, विहिरीच्या पाळीत अथवा सामाईक वाटेत सापडते. बांधासाठी स्त्री खून करीत नाही याचे एक साधे कारण असे की बांध तिचा नसतो. मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांच्या बरोबरीने हक्क देणारा कायदा महाराष्ट्रात १९९४ साली व सबंध देशास लागू होईल असा २००५ साली झाला. तोपर्यंत सातबाऱ्याच्या उताऱ्यावर तिचे नाव यावयाचे ते बहुधा वैधव्याच्या वाटेने.

तात्पर्य, अपराधास जशी बुद्धी लागते तशी जागाही लागते. बाजार, कचेरी, दारूचे दुकान, रात्रीचा रस्ता, सावकाराची पेढी, या जागा ज्यास मोकळ्या त्याच्याच हातून तेथील अपराध घडावयाचे. केतलेनेही स्त्रियांच्या अल्प अपराधांच्या कारणांत शरीरबळाबरोबर लज्जेचा व त्यांच्या एकांत गृहवासाचा उल्लेख केला होता. मग ज्या स्त्रियांस उंबरठ्याच्या आतच आयुष्य कंठावे लागले, त्यांचे अपराध कोणते असावयाचे? जे उंबरठ्याच्या आत घडू शकतात तेच. गेल्या शतकापूर्वीच्या काळात उच्चवर्णीय स्त्रीच्या नावावर जो अपराध प्रामुख्याने नोंदला गेला तो नवजात अर्भकाच्या हत्येचा होय, आणि त्याची कथा आपल्या सामाजिक इतिहासातील अत्यंत दुःखद प्रकरण आहे.

१८८१ साली, खानदेशच्या पश्चिमेकडील सुरत जिल्ह्यात, विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेस स्वतःच्या अर्भकाचा जीव घेतल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली. अपिलात ती काळ्या पाण्यावर आली व पुढे पाच वर्षांपर्यंत कमी करण्यात आली. त्यापूर्वी पुण्यात काशीबाई नावाच्या विधवेवर असाच प्रसंग गुदरून तीस जन्मठेपेसाठी अंदमानास जावे लागले होते. जोतीराव फुले यांनी ही हकिकत १८८४ साली लिहून ठेवली आहे. फुले दांपत्याने १८६३ साली आपल्या घरी बालहत्याप्रतिबंधक गृह उघडले ते अशाच स्त्रियांसाठी. या खटल्यांत एक गोष्ट समान आढळते. आरोपीच्या पिंजऱ्यात स्त्री एकटी उभी असते. अर्भकाचा बाप कोठे आहे, त्याचे नाव काय, तो त्या दिवशी काय करीत होता, याची नोंद निकालपत्रात शोधूनही मिळावयाची नाही. १८६० सालच्या भारतीय दंडविधानात गर्भपात, बारा वर्षांखालील मुलास टाकून देणे व जन्म लपविण्यासाठी प्रेताची गुप्त विल्हेवाट लावणे या तीन अपराधांची कलमे होती. मूल टाकून देण्याच्या कलमात बाप व आई या दोघांचाही उल्लेख असे. परंतु जो बाप कोणास ठाऊकच नाही त्यास ते कलम लागावे कसे? पोट लपविता येत नाही, बापपण लपविता येते. कायदा दोघांस समान असला तरी पुरावा समान नव्हता.

येथे खानदेशचा अनुभव विशेष बोधप्रद आहे. या प्रांतात कुणबी, माळी, कोळी, भिल्ल इत्यादी बहुसंख्य जातींत विधवेस पाट लावण्याची चाल होती. पाटाच्या बायकोस लग्नाच्या बायकोइतका मान नसे, शुभकार्यात तीस मागे राहावे लागे, हे खरे. तथापि तिच्या मुलास बाप असे व तीस घर असे. उलट ब्राह्मणादी ज्या जातींत पुनर्विवाह निषिद्ध होता, केशवपन होते, माजघराचा कोपरा हीच विधवेची सृष्टी होती, त्या जातींत गर्भ राहणे म्हणजे मरणच. अर्भकहत्येची ही विशिष्ट प्रेरणा तेथेच उत्पन्न झाली. दोन्हीकडे स्त्री तीच, तिचे वात्सल्यही तेच. भेद होता तो रूढीचा. आईने मुलाचा गळा दाबावा इतकी निसर्गविरुद्ध गोष्ट जर रूढी घडवून आणू शकते, तर बाकीच्या अपराधांत स्वभावाचा वाटा किती आणि स्थितीचा किती, हे वाचकांनीच ठरवावे. १८५६ साली विधवाविवाहाचा कायदा झाला होता. पण कायद्याने दार उघडले तरी घरच्यांनी त्यास आतून कडी घातली होती.

विजयालक्ष्मीच्या खटल्यानंतर वृत्तपत्रांतून स्त्रीजातीच्या अनीतीवर पुष्कळ टीका झाली. तीस उत्तर दिले ते खानदेशच्या पूर्वेस लागून असलेल्या बुलढाण्याच्या एका बाईने. ताराबाई शिंदे यांचा 'स्त्रीपुरुषतुलना' हा निबंध १८८२ साली पुण्यात छापला गेला. स्त्रियांच्या माथी परंपरेने मारलेले साहस, कपट, लोभ इत्यादी दोष एकेक घेऊन ते पुरुषांत किती आहेत याचा त्यांनी रोखठोक झाडा घेतला. या लहानशा पुस्तकाचे महत्त्व त्याच्या तिखट भाषेत जितके आहे, त्याहून अधिक त्यातील विचारपद्धतीत आहे. 'स्त्रिया अपराध का करितात' असा प्रश्न सारे विचारीत असता ताराबाईंनी तो उलटा फिरविला, आणि पुरुषाचे आचरण हा तपासणीचा विषय केला. तत्कालीन सुधारकांपैकीही पुष्कळांस हे रुचले नाही. फुल्यांनी मात्र १८८५ साली 'सत्सार'मध्ये त्यांची बाजू घेतली. पुढे निबंध विस्मृतीत गेला, आणि स. गं. मालशे यांनी १९७५ साली तो पुन्हा प्रकाशात आणला. योगायोग असा की त्याच सुमारास पश्चिमेकडील समाजशास्त्रातही हाच प्रश्न नव्याने उभा राहिला. १९७६ साली कॅरोल स्मार्ट यांनी इंग्लंडात दाखवून दिले की अपराधशास्त्राने स्त्रियांस एकतर वगळले किंवा त्यांच्याविषयीचे लोकापवाद शास्त्र म्हणून मांडले. आणि १९९३ साली मेसरश्मिट या अमेरिकन विद्वानाने अपराध व पौरुषाची कल्पना यांचा संबंध उलगडला. बुलढाण्याच्या या बाईने तोच धागा नव्वद-शंभर वर्षे आधी हाती धरला होता.

अपराधांच्या इतिहासात आणखी एक प्रकार असा आहे की ज्यात स्त्री अपराधी ठरते, परंतु अपराध मुळात घडलेलाच नसतो. सातपुड्याच्या पायथ्याशी, अक्कलकुवा व अक्राणीच्या डोंगराळ मुलखात, डाकिणीची समजूत फार जुनी आहे. गावात रोग आला, गुरे मेली, मूल दगावले की भगताने एखाद्या स्त्रीचे नाव घ्यावयाचे. मग तिचा छळ, गावातून हकालपट्टी आणि प्रसंगी वधही. डाकीण ठरविली जाते ती बहुधा वृद्ध, एकाकी, विधवा अथवा निपुत्रिक; आणि पुष्कळदा तिच्या नावच्या जमिनीच्या तुकड्यावर कोणा भाऊबंदाचा डोळा असतो. ज्या भिल्ल समाजात स्त्रीस पुनर्विवाहाची व हिंडण्याफिरण्याची मोकळीक होती, त्याच समाजात हा जाच असावा, यावरून एवढेच दिसते की एका बाजूने दिलेले स्वातंत्र्य दुसऱ्या बाजूने काढून घेण्याच्या युक्त्या प्रत्येक समाज शोधून काढतो. महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला. नरेंद्र दाभोलकर यांच्या हत्येनंतरच तो होऊ शकला, ही गोष्ट आपणांस लाजविणारी आहे.

असो. स्त्रीस घराबाहेर काढणारे कारण उत्पन्न झाले म्हणजे काय होते, याचाही दाखला याच प्रांतात आहे. १९३० साली महात्माजींबरोबर दांडीस निघालेल्या तुकडीत एकही स्त्री नव्हती. परंतु काही आठवड्यांतच मिठाच्या सत्याग्रहात देशभर स्त्रिया उतरल्या आणि तुरुंगांस त्यांच्यासाठी जागा करावी लागली. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर अठरा प्रवचने दिली व साने गुरुजींनी ती टिपून घेतली, ही गोष्ट सर्वश्रुत आहे; तुरुंग ही अपकीर्तीची जागा राहिली नाही, असे ते दिवस होते. १९४२ साली अमळनेरच्या आंदोलनात लीलाताई उत्तमराव पाटील आघाडीवर होत्या आणि त्यांनी कारावास पत्करला. त्याच वर्षी ९ सप्टेंबर रोजी नंदुरबारच्या ज्या मिरवणुकीत शिरीषकुमार मेहता हा शाळकरी मुलगा गोळीस बळी पडला, त्या मिरवणुकीत मुलीही होत्या व त्यांच्यावर रोखलेल्या बंदुकीपुढे तो उभा राहिला असे सांगतात. १४ एप्रिल १९४४ रोजी चिमठाण्याजवळ सरकारी खजिना लुटला गेला; ते काम पुरुषांचे होते. परंतु अशा भूमिगतांस आसरा व भाकर देणे हाही दंडविधानाच्या २१२व्या कलमाप्रमाणे अपराधच होता, आणि तो असंख्य घरांच्या चुलीपाशी घडला. पत्नीने पतीस लपविले तर तेवढी सूट होती. भाच्यास, दिरास अथवा परक्यास लपविणाऱ्या बाईस ती नव्हती. भीरुता हा जर स्त्रीचा स्वभाव असता, तर या बायकांचे काय करावयाचे?

यावर कोणी म्हणेल, मग स्त्रियांस मोकळीक मिळाली की त्यांचे अपराधही पुरुषांइतके वाढतील! अमेरिकेतील फ्रेडा ॲडलर यांनी १९७५ साली अशाच आशयाचे भाकीत केले होते. ते फलद्रूप झाले नाही. आपल्याकडेही मुली शाळा, महाविद्यालय, कचेरी, कारखाना व पंचायत येथवर पोचल्या. तरी बंदिवानांत त्यांचे प्रमाण वर दिलेलेच आहे. म्हणजे केवळ संधीच्या अभावाने या अंतराची पूर्ण उपपत्ती लागत नाही, हे आम्ही मोकळेपणाने मान्य करितो. शरीरप्रकृतीचाही काही वाटा असेल. परंतु एक मोठा वाटा संगोपनाचा आहे. मुलीस 'हळू बोल, पदर सावर, सांजवेळी घरी ये' असे दिवसातून दहा वेळा ऐकावे लागते. मुलाने मार खाऊन घरी येऊ नये, देऊन यावे, अशी अपेक्षा असते. एकीस बंधनाची सवय, तर दुसऱ्यास रगेलपणाचे कौतुक. पुरुषांचे अपराध ही ज्या अर्थी समाजाची खरी डोकेदुखी आहे, त्या अर्थी मुलाच्या वाढीकडे पाहणे अधिक अगत्याचे नव्हे काय? आणि जेथे घरात स्त्रीच्या हाती सत्ता येते तेथे ती सत्तेचा दुरुपयोग करीतच नाही, असेही नव्हे. सुनेच्या छळाविरुद्ध १९८३ साली व हुंडाबळीविरुद्ध १९८६ साली दंडविधानात कलमे घालावी लागली, आणि त्या खटल्यांत सासूचे नाव पुष्कळदा असते. माजघरातील सत्ता ही सासूस पुत्राच्या द्वारा मिळालेली सत्ता होय. जेथे सत्ता तेथे तिचा अपराध, हा नियम स्त्रीसही लागू पडतो.

कायद्याच्या दयेविषयीही दोन शब्द लिहिले पाहिजेत. व्यभिचाराच्या ४९७व्या कलमात स्त्रीस शिक्षा नव्हती. यास कित्येक स्त्रीदाक्षिण्य म्हणत. परंतु पतीची संमती असेल तर अपराधच होत नसे, यावरून त्या दाक्षिण्याच्या मुळाशी मालकीची कल्पना होती हे उघड आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली ते कलम रद्द केले. जी दया व्यक्ती म्हणून मानण्याचे नाकारून मिळते, तिची किंमत दुसऱ्या कोठेतरी द्यावी लागते. विजयालक्ष्मीने ती दिली.

परंतु कायदा शिकतही असतो. गर्भलिंगनिदानाविरुद्ध महाराष्ट्राने १९८८ साली व केंद्राने १९९४ साली कायदा केला. या केंद्रीय कायद्याने असे गृहीत धरले आहे की उलट सिद्ध होईपर्यंत गर्भवतीस पतीने अथवा नातलगांनी भाग पाडले असेच समजावे. आणि अशा स्त्रीस शिक्षा ठेविलेली नाही. फाशीची शिक्षा सुनावणाऱ्या १८८१ सालच्या न्यायासनापासून येथपर्यंत येण्यास शंभरांहून अधिक वर्षे लागली. ज्यास आधी एका आईचा अपराध म्हटले जाई, तो घराचा, नात्यागोत्याचा व पैसे घेणाऱ्या वैद्याचा अपराध आहे, हे कायद्याने अखेर ओळखले. दंडविधानाच्या जागी १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली. तीत गर्भपात, अपत्यत्याग व जन्म लपविणे यांची कलमे ८८, ९३ व ९४ या अंकांनी कायम आहेत. तेव्हा तीच दृष्टी तेथेही लागू करावयाची की नाही, हा प्रश्न उरतोच.

आणि हा प्रश्न दूरचा नव्हे. २०११ सालच्या जनगणनेत जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांखालील दर हजार मुलांमागे मुली अवघ्या ८४२ आढळल्या. दहा वर्षांपूर्वी त्या ८८० होत्या. सुपीक जमीन, केळीच्या बागा, सोन्याची पेठ, शाळा-महाविद्यालये, सर्व काही असलेल्या जिल्ह्याचा हा आकडा आहे. त्याच खानदेशातील नंदुरबार, ज्यास आपण मागासलेला म्हणतो, त्याचा आकडा पुष्कळ बरा होता. या न जन्मलेल्या मुलींबद्दल तुरुंगात गेलेले लोक किती थोडे आहेत! माजघरातील विधवेचा अपराध शोधून काढण्यास कोतवालास एक दिवस पुरत असे. सुशिक्षित, प्रतिष्ठित, दिवाणखान्यात बसून ठरविलेला हा अपराध मात्र जनगणनेच्या कोष्टकावाचून कोठेच दिसत नाही. म्हणून स्त्रीपुरुषांच्या अपराधांतील अंतराचा विचार करिताना केवळ तुरुंगाचे दप्तर पाहून भागत नाही. त्या दप्तरात कोणाचे नाव लिहिले गेले, याबरोबरच कोणाचे लिहिले गेले नाही आणि का, हेही विचारले पाहिजे. आमच्या वाचकांच्या घरांतही मुले-मुली वाढत आहेत, लग्ने ठरत आहेत, वाटण्या होत आहेत. हा विचार त्या घरांत व्हावा, एवढ्याच हेतूने हे टिपण लिहिले आहे.